‘आवश्यकता दिसून येत नाही’ : शस्त्रपरवाना, जात आणि साहेबांची मर्जी

“अर्जदाराच्या गावात सद्यःस्थितीत शांतता असून अर्जदारास शस्त्रपरवान्याची आवश्यकता दिसून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.”

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले हे पत्र आमच्यासमोर आहे. ज्या काकांच्या नावे ते आले, ते वडिलांच्या काळापासून गायरान कसतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला गेला, घरातल्या बायामाणसांना मारहाण झाली. बऱ्याच खटपटीनंतर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला आणि आरोपी यथावकाश जामिनावर गावात परत आले. आरोपींच्या वाड्यावर पीकसंरक्षणाच्या नावाने घेतलेली बारा बोअरची बंदूक आहे आणि घरातला एक पुतण्या निवडणुकीच्या दिवसांत कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरतो. दोन्ही हत्यारे परवान्याची. गावात शांतता आहे हे पोलीस अहवालातले वाक्य खोटे नाही. काकांनी शेतात जाणे बंद केले म्हणून ती शांतता आहे, एवढेच त्या अहवालात लिहायचे राहून गेले.

हे पत्र आम्ही आमच्या तरुणांच्या गटात वाचून दाखवले तेव्हा दोन प्रतिक्रिया आल्या. एक म्हणाला, “परवाना मागायचाच कशाला? हत्यार मिळतं.” दुसरा म्हणाला, “आपण बुद्धाची लेकरं. आपल्याला बंदूक हवीच कशाला?” दोघेही आमचेच आहेत आणि दोघांचा राग आम्हाला समजतो. पण दोघांनीही पत्रातला नेमका शब्द सोडून दिला. तो शब्द आहे ‘आवश्यकता’. ती कोणाला दिसून येत नाही? कोणत्या कसोटीवर? शेजारच्या जिल्ह्यातही तीच कसोटी आहे का?

शेजारच्या जिल्ह्यात नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. काकांकडे आधी सातबारा मागितला गेला. गायरान कसणाऱ्याच्या नावावर सातबारा असता तर हे भांडण कशाला झाले असते? मग तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली. टेबलावरचा कारकून माणूस म्हणून वाईट नव्हता. तो सरळ म्हणाला, “काका, हे परवाने बिल्डर, सराफ, पेट्रोलपंपवाल्यांचे असतात हो.” शेजारच्या जिल्ह्यात आमच्या दुसऱ्या एका कार्यकर्त्याने अशाच प्रकरणात अर्ज केला, तिथे विवरणपत्राचे नावही कोणी काढले नाही. पण पोलीस पाटलाचा दाखला आणायला सांगितले. पोलीस पाटील मुख्य आरोपीचा चुलतभाऊ. राज्य एक, कायदा एक, पण दर जिल्ह्याला वेगळा उंबरठा.

या प्रश्नाचा जगातला सर्वात बोलका इतिहास अमेरिकेत आहे. तिथे कपड्याआड लपवून पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत आला आणि तो कोणी, कोणत्या निकषावर द्यायचा यावर राज्याराज्यांत शंभर वर्षे भांडण चालू आहे. आपल्याकडे अमेरिकेची बंदूक म्हटली की शाळेतला गोळीबार आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. पण या भांडणाला एक काळी बाजू आहे. काळी म्हणजे काळ्या माणसांची.

30 जानेवारी 1956. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात बसबहिष्कार ऐन भरात होता. मार्टिन ल्यूथर किंग सभेला गेलेले असताना त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती, त्या वाचल्या. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी शेरीफच्या कार्यालयात अर्ज केला. शेरीफ म्हणजे तिथल्या काउंटीचा, आपल्या भाषेत जिल्ह्याचा, निवडून आलेला पोलीसप्रमुख. अलाबामाचा कायदा सांगत होता की अर्जदाराला जिवाची वा मालमत्तेची भीती वाटण्यास सबळ कारण असेल आणि तो ‘योग्य’ माणूस असेल तर शेरीफ परवाना देऊ शकतो. घरावर बॉम्ब पडलेल्या, रोज धमक्या येणाऱ्या माणसाचा अर्ज फेटाळला गेला. कायद्यात ‘काळ्यांना परवाना देऊ नये’ असे एकही अक्षर नव्हते. त्याची गरजच नव्हती. ‘योग्य’ आणि ‘देऊ शकतो’ हे दोन शब्द पुरेसे होते.

समाजशास्त्र शिकताना आम्ही संस्थात्मक वंशवादाची व्याख्या पाठ केली होती. ती खरी कळली या एका अर्जावरून. भेदभावासाठी भेदभावाचा कायदा लागत नाही, मोकळी सोडलेली एक जागा लागते. त्या जागेत अधिकारी स्वतःची वंशदृष्टी किंवा जातदृष्टी भरतो आणि वर सही-शिक्का मारतो.

पुढची कथा कॅलिफोर्नियाची आणि ती आपल्या चळवळीला नावाने जोडलेली. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण पोलिसांच्या गाड्यांमागे भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन फिरत आणि पोलीस काळ्या माणसाला अडवून काय करतात त्यावर लक्ष ठेवत. हे तेव्हा तिथे कायदेशीर होते! लगेच आमदार डॉन मलफर्ड यांनी विधेयक आणले. 2 मे 1967 रोजी पँथर्स बंदुका घेऊन थेट सॅक्रॅमेंटोच्या विधानभवनात गेले, देशभर खळबळ उडाली आणि त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी कायद्यावर सही केली. उघडपणे भरलेली बंदूक बाळगणे बंद. मग उरला एकच मार्ग, लपवून बाळगण्याचा परवाना. तो होता काउंटीच्या शेरीफच्या किंवा शहराच्या पोलीसप्रमुखाच्या हातात, आणि त्याची अट होती ‘सबळ कारण’. याच पँथर्सच्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा बाणा घेतला. त्यांच्याविरुद्ध कायदा कसा फिरवला गेला, हा धडा मात्र आपण फारसा घेतला नाही.

‘सबळ कारण’ या शब्दाने कॅलिफोर्नियात पुढे काय केले? ग्रामीण, गोऱ्यांच्या काउंटीत परवाना सहज मिळे. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी जवळजवळ मिळतच नसे. आणि जिथे अधिकाऱ्याची मर्जी चालते तिथे मर्जीचा बाजारही भरतो. सिलिकॉन व्हॅली ज्या सांता क्लारा काउंटीत येते, तिथल्या शेरीफ लॉरी स्मिथ यांच्यावर परवाने देताना देणगीदार आणि बड्या मंडळींना झुकते माप दिल्याचा ठपका आला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. निकाल येण्याच्या काही दिवस आधीच त्यांनी पद सोडले होते. सामान्य माणसाच्या अर्जाकडे वर्षानुवर्षे कोणी बघत नव्हते, असेही त्या प्रकरणात पुढे आले. आपल्या कारकुनाचे ‘बिल्डर, सराफ’ हे वाक्य साता समुद्रापार कसे चालते ते पाहा.

त्याच वर्षी, 23 जून 2022 रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा नियम रद्द केला. न्यूयॉर्कमध्ये 1911 च्या सलिव्हन कायद्यापासून पिस्तुलाला परवाना लागतो आणि बाहेर बाळगण्यासाठी ‘योग्य कारण’ दाखवावे लागे. न्यायालय म्हणाले, घटनेने दिलेल्या हक्कासाठी नागरिकाने अधिकाऱ्यापुढे खास गरज सिद्ध करत बसायचे कारण नाही. निकाल 6 विरुद्ध 3, बहुमताचा निकाल क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेला. हे न्यायमूर्ती काळे आहेत आणि आरक्षणाच्या धर्तीवरच्या धोरणांचे कट्टर विरोधक आहेत, त्यामुळे ते आपले कोणी नव्हेत. बंदूक उत्पादकांच्या पाठीराख्यांनी या निकालावर पेढे वाटले हेही खरे. पण या खटल्यात न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्ध निवेदन देणाऱ्यांत ब्राँक्स आणि ब्रुकलिनमध्ये गरिबांचे खटले लढवणारे वकील होते, काळ्या वकिलांची संघटना होती. त्यांचे म्हणणे साधे होते : परवाना मिळत नाही तो आमच्या अशिलांना, आणि विनापरवाना शस्त्र म्हणून तुरुंगात जातात तेही आमचेच अशील, काळे आणि लॅटिनो. उलट, नागरी हक्क चळवळीतल्या दुसऱ्या जुन्या संस्था कायद्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, कारण बंदुकीने मरणाऱ्यांतही त्यांचीच मुले जास्त. एकाच समाजातले, एकाच ध्येयाचे लोक दोन बाजूंना होते. आमच्या गटातल्या त्या दोन तरुणांसारखेच.

या निकालानंतर कॅलिफोर्नियाला ‘सबळ कारणा’ची अट सोडावी लागली. मग राज्याने नवा कायदा केला आणि 26 सप्टेंबर 2023 रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही केली. त्यातल्या शस्त्रबंदीच्या ठिकाणांवरून पुढे कोर्टकज्जे झाले, तो भाग आपण सोडून देऊ. आपल्या कामाचा भाग हा की परवान्यासाठी राज्यभर एकच चौकट लिहून दिली गेली. किमान वय 21, किमान 16 तासांचे प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी कशी करायची, कोणाला अपात्र धरायचे, आणि नकार दिला तर दाद कुठे मागायची. शेरीफला अर्जदाराचा चेहरा आवडला की नाही हा प्रश्न निदान कागदावरून गेला. प्रशिक्षण आणि शुल्क मिळून खर्च शेकडो डॉलर होतो, म्हणजे गरिबाच्या वाटेत दुसरा दगड आहेच. पण तो दगड सर्वांना दिसतो, मोजता येतो आणि त्याविरुद्ध बोलता येते.

आता आणखी एक तारीख लक्षात ठेवा. बंदुकीच्या कायद्यावर सही केल्यानंतर अकरा दिवसांनी, 7 ऑक्टोबर 2023 रोजी, याच गव्हर्नरांनी एक दुसरे विधेयक नाकारले. आयशा वहाब यांचे, जातीभेदाला स्पष्ट शब्दांत बंदी घालणारे. कॅलिफोर्नियातल्या आंबेडकरी बांधवांनी त्यासाठी रान उठवले होते, उपोषण केले होते. याच सांता क्लारा काउंटीत मुख्यालय असलेल्या सिस्को कंपनीविरुद्ध तिथल्या राज्यशासनाच्या विभागाने 2020 मध्ये जातीभेदाचा दावा दाखल केला होता, त्या पार्श्वभूमीवर हे विधेयक होते. नकाराचे कारण काय दिले? आधीच्या कायद्यांतच हे सगळे येते, वेगळे लिहायची आवश्यकता नाही. बंदुकीच्या बाबतीत अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडता येत नाही, सगळे लिहून द्यावे लागते. जातीच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडता येते. परत तोच शब्द, आवश्यकता. काकांच्या पत्रातला.

आता घरी येऊ. आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, आणि तो नसावा असे खुद्द बाबासाहेबांचे मत होते. संविधान सभेत 1948 च्या डिसेंबरमध्ये एच. व्ही. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घेता आले तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा सवाल होता. याच बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात काय म्हटले होते तेही आठवा. चातुर्वर्ण्याविरुद्ध इथला शूद्र-अतिशूद्र बंड का करू शकला नाही? कारण त्याला शस्त्र धरू दिले नाही, विद्या घेऊ दिली नाही. महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज-विनंत्यांचा जो लढा दिला, त्यामागेही हीच जाणीव होती.

वरवर पाहता या दोन भूमिका एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. आम्हाला तसे वाटत नाही. 1936 चे बाबासाहेब सांगतात की एका वर्गाच्या हाती शस्त्र आणि दुसऱ्याचे हात रिकामे, ही व्यवस्था म्हणजे गुलामगिरी. 1948 चे बाबासाहेब सांगतात की यावरचा उपाय सर्वांना मोकळे रान हा नव्हे, नियमन हा आहे. ते नियमन सर्वांना सारखे लागले तरच हा उपाय ठरतो. वाड्यावर दोन हत्यारे आणि वस्तीत एक नकारपत्र, याला 1948 च्या भाषणाचा आधार कोणी घेऊ नये.

कायदा काय म्हणतो ते आपल्या कार्यकर्त्यांनी स्वतः वाचले पाहिजे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 13 उघडा. वीस इंचांहून कमी नळी नसलेली, बिनआट्याच्या नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, किंवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर तिथे शब्द आहे ‘देईल’. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, म्हणजे कमरेला लपणारे हत्यार, त्याला मात्र अट आहे की अधिकाऱ्याची ‘सबळ कारणा’बद्दल खात्री पटली पाहिजे. अलाबामा, कॅलिफोर्निया आणि आपण, तिघांच्या कायद्यात एकच शब्दप्रयोग! मग कलम 14 वाचा. नकाराची कारणे तिथे दिली आहेत आणि पोटकलम 2 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही. मग सातबारा आणि विवरणपत्र कशासाठी? पोटकलम 3 सांगते की नकाराची कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि अर्जदाराने मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर, ती दिली पाहिजेत. ‘आवश्यकता दिसून येत नाही’ हे कारण नव्हे. तो निष्कर्ष आहे.

आणि आता आपल्या हातातला खरा कागद. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील 1995 च्या नियमांतला नियम 3. आमचा अनुभव असा की वर्षानुवर्षे अ‍ॅट्रॉसिटीची प्रकरणे हाताळणाऱ्या कार्यकर्त्यांनाही तो पूर्ण माहीत नसतो. अत्याचार झालेली किंवा होण्याची शक्यता असलेली क्षेत्रे राज्य शासनाने शोधायची. तिथे आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या नसलेल्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, कुटुंबमित्रांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे आणि शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि जीवित-मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यायचे.

क्रम बघा. आधी रद्द, मग जप्त, शेवटी नवा परवाना. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना गाव माहीत होते. पण पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही ठिकाणी त्यांनी ‘आवश्यक वाटल्यास’ हे शब्द घातले आणि दार पुन्हा अधिकाऱ्याच्या हाती दिले.

बिहारमधल्या लक्ष्मणपूर बाथेत 1 डिसेंबर 1997 च्या रात्री रणवीर सेनेने 58 दलित-मागास माणसे मारली. नियम 3 तेव्हा लागू होऊन दोन वर्षे झाली होती. खैरलांजी 2006 मध्ये घडले, त्यात बंदूक नव्हती. काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या साखळ्या होत्या आणि जमलेला गाव होता. खैरलांजीच्या त्या झोपडीत परवान्याचे पिस्तूल असते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हाला अनेक तरुणांनी विचारला आहे. प्रामाणिक उत्तर असे की आम्हाला वाटत नाही ते कुटुंब त्याने वाचले असते. पन्नास माणसांसमोर एक पिस्तूल आणि नंतर उलटा गुन्हा. तिथे पोलीस वेळेवर यायला हवे होते.

म्हणून बंदुकीच्या मोहात आम्ही पडलेलो नाही हे स्पष्ट करतो. घरात शस्त्र आले की ते शत्रूसाठीच वापरले जाते असे नाही. दारू, कर्ज, नवरा-बायकोचे भांडण, परीक्षेत नापास झालेला मुलगा, या सगळ्यांच्या हाताशी ते असते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही आत्महत्या झालेली घरे पाहिली आहेत, तिथे बंदूक असावी असे आमच्या मनात कधी येणार नाही. परवाना समान झाला म्हणून वागणूक समान होते असेही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नियम एकसारखे आहेत. तिथे 2016 मध्ये एका काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याकडे रीतसर परवाना होता आणि आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने स्वतःहून पोलिसाला सांगितले. पोलिसाने काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या आणि पुढे तो पोलीस निर्दोष सुटला. वाड्याच्या पोराच्या कमरेचे पिस्तूल पोलिसाला ‘रुबाब’ वाटते. वस्तीच्या पोराच्या कमरेला तेच असले तर त्याला ‘नक्षल’ म्हणायला किती वेळ लागेल?

राहिला शीलाचा प्रश्न. पहिले शील आम्ही रोज घेतो. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत जो फरक केला आहे, तो आपल्या विहारांत फार कमी सांगितला जातो. त्यांनी तत्त्व आणि नियम यांतही फरक केला : तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देते, नियम नेमके काय करायचे ते सांगतो. स्वतःच्या जगण्यात आम्हाला तत्त्व पुरते. कलेक्टर कचेरीला मात्र नियमच लागतो. काकांनी शस्त्र घ्यावे की नाही हा त्यांच्या विवेकाचा भाग आहे. किंग यांनी नकार मिळाल्यानंतर पुढे स्वतःहून घरातली शस्त्रेही दूर केली आणि अहिंसेचा मार्ग धरला. पण तो निर्णय किंग यांचा होता. त्याचे श्रेय शेरीफला द्यायचे का? ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला कशाला हवी बंदूक’ हे आमच्या तरुणाने म्हणणे वेगळे आणि टेबलापलीकडच्या साहेबाने म्हणणे वेगळे. दुसरा प्रकारही आम्ही ऐकला आहे.

मग मागायचे काय? नियम 3 ची महाराष्ट्रभर एकसारखी, लिखित अंमलबजावणी. शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, राज्य काय करणार, असे उत्तर मिळेल. ते अर्धेच खरे. अधिनियम केंद्राचा आहे, पण परवाने देणारे जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त राज्याच्या यंत्रणेतले आहेत. शिवाय नियम 3 थेट राज्य शासनालाच उद्देशून आहे आणि नियम 15 ने राज्याला आपली योजना आखून राजपत्रात प्रसिद्ध करायला सांगितले आहे. त्या योजनेत हे येऊ शकते. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला की ठरावीक दिवसांत आरोपी आणि त्याच्या कुटुंबाच्या शस्त्रपरवान्यांची छाननी झालीच पाहिजे आणि परवाना रद्द करत नसाल तर का नाही हे लिहून द्या. ‘आवश्यक वाटल्यास’ याचा अर्थ यापुढे असा असावा की आवश्यक वाटले नाही तर कारण द्या. पीडिताच्या अर्जाला कोणती कागदपत्रे लागतील याची एकच यादी सर्व जिल्ह्यांत असावी, तीत मालमत्तेचा पुरावा नसावा आणि ज्या गावचे प्रकरण आहे त्याच गावच्या पोलीस पाटलाच्या दाखल्यावर काही अवलंबून नसावे. अर्ज किती, मंजूर किती, नामंजूर किती, रद्द किती, हे आकडे नियम 17 खालच्या जिल्हा दक्षता समितीपुढे प्रत्येक बैठकीत यावेत.

आमच्या मते यात पहिली मागणी सर्वात मोठी आहे. वाड्यावरची दोन हत्यारे शस्त्रागारात जमा झाली असती तर काकांनी अर्ज केलाच नसता, हे ते स्वतः सांगतात. आपल्या मोर्चांत मात्र ‘आम्हाला परवाने द्या’ ही घोषणा ऐकू येते, ‘त्यांचे परवाने रद्द करा’ ही जवळजवळ नाही. टाळ्या पहिल्या घोषणेला पडतात, म्हणून असेल.

एक काम लगेच करता येईल. आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि विचारा : गेल्या पाच वर्षांत अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यांतील किती आरोपींकडे शस्त्रपरवाने होते? त्यांपैकी किती रद्द झाले? नियम 3 खाली परवान्यासाठी किती अर्ज आले आणि त्यांचे काय झाले? परवाना अर्जासोबत मागितल्या जाणाऱ्या कागदपत्रांच्या यादीची प्रत द्या. नावे मागू नका, नाहीतर त्या सबबीवर अर्ज फेटाळला जाईल. चार-पाच जिल्ह्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर आम्ही वर जे दोन जिल्ह्यांपुरते सांगितले, ते राज्यापुरते सांगता येईल किंवा आमचे चुकत असेल तर तेही कळेल. उत्तरे आली की आम्हाला पाठवा, आम्ही ती इथे मांडू.

काकांच्या नकारपत्राविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील दाखल केले आहे. त्यात आम्ही दोन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली, नकाराची कारणे लेखी द्या. दुसरी, गुन्हा नोंदल्यापासून आजपर्यंत वाड्यावरच्या दोन परवान्यांची छाननी कोणी, कोणत्या तारखेला केली ते सांगा. तारीख पडली आहे. काकांनी यंदा वस्तीजवळच्या निम्म्या तुकड्यात तूर पेरली. उरलेला निम्मा वाड्याच्या बाजूला आहे, तो पडीक आहे.

जय भीम.